तांब्यावरची पहाट

११ फेब्रुवारी १८७४

ही वही तेजाबाची. एकोणीस वर्षं मी हिच्यात फक्त मिनिटं लिहीत आले. 'पूल. आकाश चार, पाणी नऊ, कठडा तीस.' 'म्हातारीचा चेहरा. गाल तीन, डोळे पंधरा, शाल पंचवीस. गारठा होता म्हणून सगळीकडे दोन-दोन जास्त.' आमचे हे चित्रकार; तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईनं त्यात चित्र काढतात आणि पत्रा माझ्या मागच्या खोलीत येतो. मी तो तेजाबाच्या तबकात सोडते. सुईनं जिथलं मेण काढलं असेल तिथलं तांबं तेजाब खातं. कमी वेळ खाल्लं तर कागदावरच्या ठशात रेष फिकी येते, जास्त खाल्लं तर काळी. फिक्या हव्या त्या रेषा वेळेत रोगण लावून बंद करायच्या आणि बाकीच्यांसाठी पत्रा परत आत सोडायचा. एवढंच माझं काम. वडील तलवारींच्या पात्यांवर नावं उमटवायचे, त्यांच्याकडून शिकले. यांना तेजाबाचा वास सोसत नाही.

आज वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर दुसरंच लिहिते आहे, कारण ते कुणाजवळ बोलण्यासारखं नाही. वन्संजवळ तर नाहीच.

आज एक मुलगी यांच्याकडे शिकायला आली. वय तेवीस-चोवीस. उंच, बारीक, भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीसारखी. नाव सांगितलं तिनं, पण इथं मी तिला शिडीच म्हणणार. एकोणीस वर्षांत यांनी कुणाला शिकवलेलं नाही. "मला माणसं खोलीत चालत नाहीत," असं म्हणायचे. हिला बघून मात्र स्वतः खुर्ची पुसून दिली.

तिनं माझ्याशी हात मिळवला आणि सोडलाच नाही. माझ्या बोटांकडे बघत राहिली. तेजाबानं ती पिवळी पडलेली असतात, काही केलं तरी डाग जात नाहीत. मी हात मागे घेतला.

"बरं वाटलं भेटून, काकू," म्हणाली.

काकू! यांना काका नाही म्हणाली. यांना 'मास्तर'.

१९ फेब्रुवारी

चित्रांचा व्यापारी येऊन गेला. मे महिन्यातल्या प्रदर्शनासाठी त्याला मोठा पत्रा हवाय, चहाच्या ट्रेएवढा. विषय यांनीच सुचवला. शहराबाहेरचं जुनं रान, पहाटेचं, सूर्य वर यायच्या आधी. पुढे पडलेलं खोड आणि ओढा, मागे झाडी, त्यामागे धुकं, वर आकाश. व्यापारी खूश झाला. म्हणाला, हे जमलं तर तुमचं नाव कुठल्या कुठे पोचेल.

उद्यापासून हे पहाटे रानात जाणार, रेखाटनं करायला. शिडीपण जाणार. शिकायला आलीये ना.

३ मार्च

आज बारावी पहाट. मी चार वाजता उठून चहाची किटली भरून देते, किटलीला फडकं घट्ट गुंडाळून. दोघांसाठी. स्वतःच्या हातानं.

साडेआठला परत येतात. बुटांना चिखल, गाल लाल. हे बोलत असतात, बोलत असतात. धुकं कसं खालून उठतं, झाडाचा बुंधा आधी दिसतो की फांद्या. मला एवढं कधी सांगितलं नाही. शिडी मान डोलावते आणि मधूनच माझ्याकडे बघते. माझं तोंड कसं होतंय ते बघत असणार.

वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, आमच्याकडेच असतात. खिडकीशी बसून विणतात आणि रस्त्यावरचं आणि घरातलं काही सुटू देत नाहीत. आज म्हणाल्या, "वहिनी, मी काही म्हणत नाही हं. पण आमच्या भावाला सकाळी उठवायला लहानपणी बादलीभर पाणी लागायचं."

"काम आहे वन्सं."

"हो ना. कामच आहे. मी कुठं काय म्हणतेय?" आणि दोन टाके उसवले.

मी जेवताना धीर करून म्हटलं, "मी पण येऊ का एकदा रानात?"

हे म्हणाले, "तू कशाला? तुझं काम नंतर आहे."

शिडी लगेच म्हणाली, "या ना काकू! खरंच या."

मला तिची दया नको आहे.

९ मार्च

आठवडाभर बघतेय. शिडीला मागच्या खोलीच्या दाराशी काहीतरी काम निघतं. कधी रुमाल राहिला, कधी पाणी हवं. आज मी जुन्या पत्र्यावर तेजाबाची ताकद तपासत होते तर दारात उभी. "हे बुडबुडे पिसानं सारता ते का, काकू?"

मी काही बोलायच्या आत यांची हाक आली. "इकडे ये गं. तिथं वास असतो."

तिला वास. मला एकोणीस वर्षांत नव्हता.

यांना ती दोन मिनिटं नजरेआड झालेली चालत नाही. किती वेळा हाक मारतात ते मोजलं. आज पाच.

१४ मार्च

व्यापारी जेवायला होता. मी चांगले ताट-पेले काढले. सगळं नीट चाललं होतं. शिडीनं एकदम विचारलं, "मास्तर, तुमच्या पुलाच्या चित्रातलं आकाश सुईनं आलेलं नाही. ते तेजाबानं आलंय. ते कोणी केलं?"

हे हसले. "ते आपोआप होतं. तेजाबच ते, आपलं काम करतं."

ती यांच्याकडे बघत राहिली. हेही तिच्याकडे. मग यांनी नजर खाली घातली आणि कान लाल झाले. मी सूप वाढत होते. नवऱ्याचे कान बायकोला दिसणार नाहीत असं यांना वाटतं की काय?

व्यापारी म्हणाला, "वा, बारीक नजर आहे मुलीची."

२० मार्च

लिहू नये असं लिहिते. मी तिची वही उघडली.

ती पाणी आणायला खाली गेली होती, वही बाकावर होती. मला वाटलं यांची चित्रं असणार. यांचा चेहरा, यांची पाठ, झाडाखाली बसलेले हे. मनाची तयारी करून उघडली.

हात होते. पानामागून पान, माझे हात. पीस धरलेला हात, तबक कलतं करणारा हात, रोगणाचा कुंचला दातांत धरून पत्रा उजेडात बघताना माझी हनुवटी आणि मनगट. एका पानावर तर बोटांना पिवळा रंग लावला होता. बारीक ब्रशनं, नखांच्या कडेकडेनं, वेळ देऊन.

दोघं मिळून हसत असतील. रानात, माझाच चहा पीत.

दुपारभर लिंबू आणि राखेनं हात घासले. कातडं सोललं, पिवळेपणा तसाच.

२७ मार्च

चौदा तारखेपासून हे माझ्याशी तुटक आहेत. विचारलं तर "कुठं काय?" आज जेवण झाल्यावर म्हणाले, "या पत्र्याचं तेजाबाचं काम मी बघीन."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "का?"

"का म्हणजे? माझं चित्र आहे."

"वास सोसत नाही तुम्हाला."

"सोसेन."

पुढची खोली, पहाट, किटलीतला चहा, सगळं तिला दिलं. आता माझी मागची खोलीही तिला हवी आहे, आणि हे द्यायला निघाले आहेत. दुसरं काय कारण असेल?

३० मार्च

यांनी सरावाला छोटा पत्रा केला. दार लावून. तासाभरानं खोकत बाहेर आले. रेषा एकमेकींत वितळून गेल्या होत्या, झाडाच्या जागी भोक. म्हणाले, तेजाब खराब आलंय.

तेजाब उत्तम आहे. मी कालच पाहिलंय.

संध्याकाळी रानाचा मोठा पत्रा माझ्या टेबलावर आणून ठेवलेला होता. न बोलता. काजळी धरलेल्या काळ्या मेणावर तांब्याच्या लालसर रेषा. खरं तेच लिहायचं तर यांच्या हातून इतकं सुंदर काही झालेलं नाही. झाडांच्या फांद्या बघताना मला थंडी वाजली.

हे सगळं तिच्या सोबतीनं आलंय हेही तिथंच मनात आलं.

२ एप्रिल

केलं ते लिहून टाकते.

सकाळी दहाला पत्रा तेजाबात सोडला. आकाशाला चार मिनिटं ठरवली होती. सगळ्यात आधी आकाश बंद करायचं, मग धुकं, मग झाडी, शेवटी खोड. पहाटेचं आकाश म्हणजे असून नसल्यासारखं हवं. एक मिनिटसुद्धा जास्त चालत नाही.

तिसऱ्या मिनिटाला पुढच्या खोलीतून शिडीचा आवाज आला. मोठ्यानं.

"त्यांना सांगून टाका ना आता! किती दिवस लपवायचं?"

"हळू बोल."

"मी इथं कशासाठी राहिलेय ते तुम्हाला माहीत आहे, मास्तर."

"प्रदर्शन होऊ दे. मग सांगू."

"त्या इतक्या जवळ आहेत, भिंतीपलीकडे, आणि मी—"

पुढचं ऐकू आलं नाही. माझ्याच कानात आवाज होत होता.

चार मिनिटं झाली. हातात पीस होतं. आकाशाच्या रेषांवर बुडबुडे धरले होते, बारीक, मोत्यांसारखे. पत्रा उचलायचा होता. मी उचलला नाही. घड्याळ समोर होतं, मी वेळ चुकले असं म्हणता येणार नाही. पाच. सहा. आठ. मी बघत होते आणि मला बरं वाटत होतं. ही त्यांची पहाट. यांची आणि तिची.

अकराव्या मिनिटाला उचलला. धुतला, पुसला, आकाश रोगणानं बंद केलं. आणि मग बाकीचं सगळं अगदी नीट केलं. धुकं, झाडी, ओढा, खोड, एकेक मिनिट सांभाळून. हे त्याहून वाईट. रागाच्या भरात हात गेला असं तरी कुणी म्हटलं असतं.

३ एप्रिल

पहिला ठसा काढला. यांनीच शाई भरली, पुसली, ओला कागद ठेवला, चाक फिरवलं. कागद उचलला तर रानावर वादळ. आकाशाच्या रेषा दाट होत्या, त्या झाडांइतक्या काळ्या आल्या. पहाट कुठेच नाही.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. यांचा राग मला माहीत आहे. एकदा शाईचा डबा खिडकीतून फेकला होता.

हे ठशावर वाकले. मग म्हणाले, "तुझ्याकडूनही होतं म्हणायचं असं."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. महिन्याभरात पहिल्यांदा. "असू दे. होतं. मी लहान पत्रा करीन दुसरा."

जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. वन्सं मला म्हणाल्या, "याला झालंय काय? इतक्या कामाचा विचका झाला आणि हा गाणं गुणगुणतोय."

मी काय सांगणार? इतक्या मोठ्या मनाच्या माणसाचं मी वाटोळं केलं.

शिडी जेवली नाही. ठसा घेऊन खिडकीत बसली होती. जाताना मला म्हणाली, "काकू, तुम्ही वेळ चुकत नाही."

एवढंच. प्रश्न नव्हता तो.

५ एप्रिल

ती सकाळी आली ती सरळ माझ्या खोलीत. यांची हाक आली तरी गेली नाही.

"हे आकाश परत आणता येईल का?"

"नाही."

"घोटून?"

पोलादी घोटणीनं तेल लावून तांबं दाबत गेलं तर रेषेच्या कडा मिटतात, तिच्यात शाई कमी राहते, ठसा फिका येतो. पण हे चार-दोन रेषांचं. अख्खं आकाश? अकरा मिनिटांचं? जिथं फार खोल गेलंय तिथं पाठीमागून हातोडीनं पत्रा उचलावा लागेल. महिना जाईल, आणि एक ठोका चुकला तर झाडंही जातील.

हे मी तिला सांगितलं, घाबरवायला. तर तिनं बाह्या वर केल्या.

"मी पाठीमागे खुणा करते, तुम्ही ठोका."

हे दारात आले होते. म्हणाले, "कशाला उगाच? मेला तो पत्रा." मी म्हटलं, "बघते तरी." मला दुसरं काही करून चालणारच नव्हतं. हे खांदे उडवून गेले. गुणगुणणं थांबलं.

१२ एप्रिल

आठ दिवस. मान वळत नाही. तिचा हात स्थिर आहे, हे कबूल करायला हवं. कंपासाच्या दोन टोकांत पत्रा धरून पुढच्या रेषेची जागा मागे बरोबर टिपते. बोलत नाही फारसं. मीही नाही. तिच्या मानेवर एक तीळ आहे. हे त्या तिळाकडे बघत असतील असं दर तासाला मनात येतं, आणि मग माझा ठोका जपून पडतो, कारण चिडून ठोकलं तर तांबं फाटतं.

१७ एप्रिल

आज तिनं तोंड उघडलं.

मी डावा कोपरा घोटत होते. ती म्हणाली, "मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. मागच्या हिवाळ्यात."

"मला?"

"नाव माहीत नव्हतं. वर लिहिलं, 'तेजाबाचं काम करणाऱ्यास'. तुमच्या पुलाचं आकाश पाहिलं होतं मी. मला ते शिकायचं होतं. मास्तरांचं उत्तर आलं, मीच करतो ते, ये."

मी घोटणी खाली ठेवली.

"पहिल्याच दिवशी तुमची बोटं दिसली," ती म्हणाली. "त्या दिवसापासून त्यांच्या मागे लागलेय, मला आत जाऊ द्या, काकूंना सांगा. म्हणतात, ती फक्त पीस हलवते. मागे एकदा मी भांडलेसुद्धा."

"कधी?"

"ज्या दिवशी आकाश... त्या दिवशी."

मला बसावंसं वाटलं, पण मी बसलेलीच होते.

"रानात काय बोलायचात तुम्ही?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

ती हसली. "मी काय बोलणार? मास्तर बोलायचे. मला झाडं काढता येत नाहीत हो. मी तिथं बसून तुमचे हात काढायचे, आठवून."

दोन महिने! दोन महिने मी काय काय जाळलं, आकाश तर त्यातलं एक. मी तिला खरं सांगायला हवं होतं तेव्हाच. नाही सांगितलं. म्हटलं, "उजेड जातोय, उद्या बघू."

यांनी मला पत्राचं का सांगितलं नाही, ते मात्र कळत नाही. कामात व्यत्यय नको म्हणून असेल. ते तसे फार विचार करतात माझा.

२४ एप्रिल

आकाश सगळं सारखं फिकं करायचं असं ठरलं होतं, यांच्या रेखाटनात होतं तसं. पण डावीकडे झाडांच्या डोक्याशी पोचले आणि हात थांबला. तिथला काळोख काढावासा वाटेना. रात्र तिथून अजून गेलेली नाही, असं असू दे. उजवीकडे मात्र घोटत घोटत तांबं आरशासारखं करत नेलं. मधे सगळे टप्पे. अशी पहाट चार मिनिटांत आली नसती.

शिडीनं भिंगातून पाहिलं. "काकू," म्हणाली आणि भिंग परत डोळ्याला लावलं.

वन्संसुद्धा विणकाम घेऊन आत येऊन बसल्या. "वास आहे बाई मेला," म्हणत दोन तास बसल्या.

२६ एप्रिल

ठसा काढला. मीच पुसला पत्रा, तळहातानं.

रान होतं. ओढ्यात उजेड होता. डाव्या झाडांमागे रात्र उभी होती आणि उजवीकडून काहीतरी आत येत होतं.

हे आले. उभे राहिले. मी यांच्याकडे बघत होते, चित्राकडे नाही. चेहरा पडला. अगदी तीन तारखेला पडायला हवा होता तसा. म्हणाले, "डावीकडे मी असं काढलं नव्हतं."

"नाही आवडलं?"

"मी कुठं म्हणालो आवडलं नाही?"

आणि कोट न घेता बाहेर पडले. दोन तासांनी आले. मी गरम पाणी ठेवलं पायांना. आजारी पडणार हे नक्की. कोट न घेता कुणी जातं का?

३० एप्रिल

व्यापारी आला. ठशासमोर उभा राहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे आकाश," म्हणाला, "हे साधलंत कसं?"

हे म्हणाले, "ते आपोआप..."

शिडीनं कप खाली ठेवला. "मी सांगू?"

"नको," मी म्हटलं. "मी सांगते."

"आकाश माझं आहे. आधी मी जाळलं, मग घोटून परत आणलं. सव्वीस तारखेपर्यंत. ही मुलगी नसती तर झालं नसतं."

व्यापारी मान हलवत राहिला. "जाळणं, हो, हो. जाळण्यातही कसब आहे." त्याला वाटलं, ती पद्धतच आहे. "मग तुमचं नाव कुठं आहे पत्र्यावर, बाई? घाला. लोक विचारणार."

तो गेला. यांनी दार लावलं आणि तिथंच पाठ टेकून उभे राहिले.

"जाळलं म्हणजे?"

शिडी आपणहून वन्संच्या खोलीत गेली. तिला तेवढं कळतं.

मी सांगितलं. घड्याळ समोर होतं तेही सांगितलं. अकरा मिनिटं. का, तेही. तीळसुद्धा सांगितला.

"तिच्यावरून? माझ्यावर?" हे हसायला लागले. जोरात. आणि मग हसू मधेच गेलं. "मुद्दाम केलंस. म्हणजे चुकली नाहीस तू."

"नाही."

"मला वाटलं होतं चुकलीस."

खाली बसले. मग उठून खणातून एक पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर बारीक अक्षरात 'तेजाबाचं काम करणाऱ्यास'.

"फाडलं नाही मी," म्हणाले. "चार वेळा वाचलंय. दोन पानं आहेत. माझ्या रेषेबद्दल त्यात एक शब्द नाही."

"अहो, तिला काय कळतंय रेषेतलं? तिला झाडसुद्धा काढता येत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, जसं काही मी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होते. मग म्हणाले, "पत्र वाच. तुझं आहे."

वाचलं. दोनदा. काय लिहिलंय ते इथं उतरवत नाही, माझ्याजवळच राहू दे.

पण एवढ्यासाठी, एका मुलीच्या दोन पानांसाठी, एखादा माणूस दीड महिना तोंड पाडून बसेल असं मला वाटत नाही. अजून काहीतरी असणार. विचारीन सावकाश.

२० मे

प्रदर्शन झालं. पत्र्यावर खालच्या पट्टीत यांचं नाव आणि त्याच्या उजवीकडे माझं. यांनी स्वतःच्या हातानं कोरलं, उलट्या अक्षरांत, एकही वळण न चुकता. माझं थोडं लहान आहे. मी मोजलं नाही, पण दिसतं.

लोक यांच्या फांद्यांसमोर थांबत होते. मी दोन-तीनदा मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "फांद्या बघा कशा आल्यात." यांनी ऐकलं. माझी शाल धरून उभे राहिले.

शिडी आता माझ्याकडे शिकते. रीतसर. यांनी विचारलं, "वास नाही येत का गं तुला?" ती म्हणाली, "येतो की." तिचं एक बोट पिवळं पडायला लागलंय. दिवसातून दहा वेळा बघते.

२५ मे

हे तळ्याकाठच्या गावी गेले, महिनाभरासाठी. मोठं चित्र करायचंय म्हणाले, पाण्याचं. एकटेच. मी कपड्यांत जास्तीचे मोजे ठेवले. नेईन म्हणाले नाहीत, येते असं मीही म्हणाले नाही.

घर कसं शांत आहे. वन्संना बोलायला विषय नाही, म्हणून त्या माझ्यावरच विणतायत.

२ जून

यांचं पत्र आलं. लग्नापासून पहिलं. एकमेकांना सोडून राहिलोच नाही, तर पत्र कुठलं?

वरवरची विचारपूस आहे. मग लिहितात, 'तळं सकाळी एक असतं आणि दुपारी दुसरं. मी अजून सुई लावलेली नाही. पाण्याला तू किती मिनिटं देशील ते आधी कळव. त्या हिशोबानं रेषा ओढतो.'

मी हे तीनदा वाचलं. मिनिटं नेहमी रेषांच्या मागून यायची. आजवर कधी आधी विचारलं नव्हतं.

शिडीला दाखवलं. तिनं मला मिठी मारली. उंच आहे ना, तिची हनुवटी माझ्या डोक्यावर आली.

लगेच उत्तर लिहायला बसले. 'पाणी नऊ ते बारा' एवढं लिहिलं. मग पत्र उलटून बघितलं तर मागे दोन ओळी. 'इथली घरमालकीण फार चांगली आहे. सकाळी न सांगता चहा आणून देते. तळ्याची तिला चांगली माहिती आहे, बरोबर येऊन जागा दाखवते.'

कोण ही घरमालकीण? वय किती? नवरा असतो का घरी? याबद्दल एक अक्षर नाही.

मी वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही हं."

लिहिलेला कागद बाजूला ठेवला. पाणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मिनिटं सांगता येत नाहीत, हे यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. तेजाबाच्या बाटल्या पेंढ्यात बांधल्या आहेत. उद्या सकाळच्या गाडीनं मी निघते.